धागा: स्मिथफील्डचा पडीक बाजार आणि लंडनचं नवं शहर-संग्रहालय (फक्त बांधकाम, दुरुस्ती, हवामान यांवर चर्चा)

जुनाबाजार (धागाकर्ता)

लंडनच्या जुन्या सिटी भागात स्मिथफील्डचा मांसबाजार आहे. त्याच्या पश्चिम टोकाची जनरल मार्केट आणि तिला लागून असलेली पोल्ट्री मार्केट, अशा दोन इमारतींमध्ये ‘लंडन म्युझियम’ येत आहे. लंडन वॉल या रस्त्यावरची या संग्रहालयाची इमारत १९७६ साली उघडली होती, ती डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी बंद झाली. २०१६ च्या स्पर्धेत स्टँटन विल्यम्स आणि आसिफ खान यांचा आराखडा निवडला गेला, जुन्या बांधकामाच्या जतनासाठी ज्युलियन हॅरप यांची संस्था सोबत आली आणि २०२० मध्ये बांधकामाची परवानगी मिळाली. आधी जनरल मार्केट उघडायची, पोल्ट्री मार्केट २०२८ मध्ये, असा क्रम ठरला. जाहीर झालेला खर्च ४३ कोटी ७० लाख पौंड.

वर्तमानपत्रांत कबुतराचा लोगो आणि नाव बदलल्याची बातमी भरपूर आली. बांधकामावर मराठीत फारसं काही दिसलं नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. जनरल मार्केट १८८३ ची, वास्तुकार होरेस जोन्स. बिलिंग्जगेट आणि लेडनहॉल हे बाजारही त्यांचेच, आणि टॉवर ब्रिजच्या रचनेतही त्यांचा हात होता. जनरल मार्केट मुळात फळं-भाज्यांसाठी बांधली होती. ८ मार्च १९४५ ला तिच्या फॅरिंग्डन रोडकडच्या कोपऱ्यावर व्ही-२ रॉकेट पडलं, ११० माणसं गेली. युद्धानंतर तो भाग नव्याने बांधला गेला, त्यामुळे एकाच इमारतीत व्हिक्टोरियन लोखंड आणि १९५० च्या दशकातलं काम शेजारी शेजारी आहे. पोल्ट्री मार्केटची मूळ इमारतही जोन्स यांचीच होती. ती जानेवारी १९५८ च्या आगीत गेली. आजची १९६३ ची, वास्तुकार टी. पी. बेनेट, छताचं गणित ओव्ह अरुप यांच्या कार्यालयाचं. दोन्हींच्या खाली रेल्वे.

म्हणजे एका पत्त्यावर तीन वेगळे आजार आहेत: गंजलेलं लोखंड, साठ वर्षं जुनं पातळ काँक्रीट, आणि पायाखालून जाणाऱ्या गाड्या. जाणकारांनी लिहावं.

तुळई

लोखंडापासून सुरुवात करतो. जनरल मार्केटमध्ये ‘फीनिक्स’ खांब आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या फीनिक्स आयर्न कंपनीची ही रचना, पेटंट १८६२ चं. घडीव लोखंडाचे वक्र तुकडे, चार, सहा किंवा आठ, दोन्ही कडांना बाहेर वळलेल्या पट्ट्या ठेवून लाटायचे आणि त्या पट्ट्या एकमेकांना रिव्हेटने जोडायच्या. मधे पोकळ नळी तयार होते. वजनाच्या मानाने खांब फार ताकदवान.

गोची त्या पोकळीतच आहे. बाहेरून हवा तेवढा रंग द्या, आत ब्रश पोचत नाही. छप्पर वीसेक वर्षं गळत राहिलं की पाणी खांबाच्या माथ्यातून आत उतरतं आणि तळाशी साचतं. बाहेरून खांब ठणठणीत, आत बुडाशी पत्रा अर्धा झालेला. त्यामुळे पहिलं काम रंग खरवडण्याचं नसतं. प्रत्येक खांबाला तळ, मध्य आणि माथा अशा तीन पातळ्यांवर अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजायची. जिथे शंका तिथे रिव्हेट काढून त्याच भोकातून कॅमेऱ्याची नळी आत सोडायची. नवीन भोक पाडायचं नाही.

दुसरी गोष्ट: घडीव लोखंड म्हणजे पोलाद नव्हे. त्यात मळीचे तंतू लांबीच्या दिशेने असतात. लांबीत ओढलं तर चांगलं सोसतं, पापुद्रा सुटेल अशा आडव्या दिशेने ओढलं तर फाटतं. म्हणून त्यावर सरळ वेल्डिंग करून नवा ब्रॅकेट लावला की वेल्ड शाबूत राहतो आणि खालचा पापुद्रा उचलून येतो. जोड बोल्टने किंवा कवळ्याने घट्ट धरूनच करायचा.

तिसरी: दोन पट्ट्यांच्या फटीत साचलेला गंज. गंज मूळ लोखंडाच्या सहा-सात पट जागा घेतो, रिव्हेटची डोकी उडवतो. फटीवर वरून सीलंट भरून रंग दिला तर ओल आत कोंडते आणि दोन वर्षांत पट्टी फुगते. फट आधी कोरडी आणि साफ, मग आत झिरपणारं प्रायमर, मग सीलंट. क्रम चुकला तर केलेलं काम उलटतं.

जुन्या थरांत शिशाचा रंग असणारच. कोरडं सँडब्लास्टिंग केलं तर शिशाची धूळ सगळ्या हॉलमध्ये, विटांच्या दरजांत जाऊन बसते. लेप लावून रंग मऊ करून उचलणं हळू होतं, पण पुढे संग्रहालयात लहान मुलं येणार आहेत.

शंकेखोर

तुळई, छान माहिती. माझी शंका अगदी बाळबोध आहे. एवढी प्रचंड दालनं मिळाली आहेत, तर छप्पर नीट करून, काचा लावून सगळं वातानुकूलित का करत नाहीत? मॉलमध्ये होतंच की.

आर्द्रतामापक

शंकेखोर, बाळबोध मुळीच नाही. या प्रकारच्या प्रत्येक प्रकल्पात पहिला खटका इथेच उडतो.

बाजाराची इमारत वारा आत यावा म्हणून बांधलेली असते. माल ताजा राहायचा तर ऊन नको, हवा खेळती हवी, फरशी धुऊन पाणी वाहून जायला हवं. म्हणून उंच छत, त्याच्या पोटाला झिलमिल्या, उत्तरेचा उजेड, उताराची फरशी. संग्रहालयाला नेमकं उलटं लागतं. हवा कोंडलेली, कोरडी, आणि वर्षभर फारशी न हलणारी.

आकडे बघा. २० अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता धरली तर दवबिंदू ९ अंशांच्या थोडा वर येतो. हिवाळ्यात लंडनला एकेरी काच, लोखंडी तुळईचं बाहेर डोकावणारं टोक, पन्हळीचा तळ, यांचं आतलं तापमान सहज त्याच्या खाली जातं. म्हणजे तिथे पाणी सुटणार. काच पुसता येते. तुळईच्या टोकाशी सुटलेलं पाणी कोणालाच दिसत नाही, ते भिंतीत मुरतं आणि तुळईंनी वर लिहिलेला गंज पुन्हा सुरू होतो. थोडक्यात, वस्तूंना सुखावणारी हवा इमारतीला खाते.

उलट बाजूने बघू. बाहेर ५ अंश आणि ८० टक्के, तर हवेत घनमीटरमागे साधारण साडेपाच ग्रॅम पाणी. तीच हवा आत घेऊन २० अंशांवर तापवली की आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. लाकडी पेट्या, हस्तिदंत, चित्रांच्या चौकटी तडकतात. मग पाणी फवारा, मग तेच पाणी थंड लोखंडावर. या चक्रात विजेचं बिल कुठे जाईल याचा अंदाज करा.

त्यात माणसं. एक माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी श्वासातून आणि घामातून सोडतो, वर १०० वॉट उष्णता. हजार लोक आत असले तर तासाला ५० लिटर पाणी आणि १०० किलोवॉट. पावसाळी कोट आणि छत्र्या वेगळ्या.

म्हणून शहाणा मार्ग असा की मोठं दालन दालनच राहू द्यायचं. तिथे तिकीटघर, खाणं, बसायची जागा, दगड-वीट-लोखंडाच्या वस्तू, कार्यक्रम. तापमान १४-१६ पर्यंत चालेल, लोक कोट घालूनच फिरतात. ज्या वस्तूंना खरी काळजी हवी त्या आतल्या स्वतंत्र खोल्यांत किंवा घट्ट कपाटांत. स्मिथफील्डमध्ये तळघरं मोठी आहेत, आणि मुख्य कायमची दालनं खाली ठेवायचं ठरलं त्यामागे मला हेच गणित दिसतं. जमिनीखाली तापमान फार हलत नाही, उजेड आपल्या हातात असतो. कापड आणि जलरंगांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, तो काचेच्या छताखाली पाळणं जवळपास अशक्य.

दरजभरणी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, पण तळघर म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर फुटणारं मीठ, येतो.

मांस-मासळीच्या बाजारात शंभर वर्षं मिठाचं पाणी फरशीवरून आणि भिंतीच्या बुडातून मुरलेलं असतं. साध्या मिठाचा स्वभाव असा की आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. स्फटिक विटेच्या पृष्ठभागालगतच्या छिद्रांत वाढतो आणि विटेचा दर्शनी पापुद्रा ढकलून पाडतो. इमारत पडीक असताना आत कायम दमट, मीठ विरघळलेलं, भिंत गप्प. मग ठेकेदार येतो, छप्पर दुरुस्त करतो आणि लवकर वाळावं म्हणून मोठे हीटर लावतो. दोन महिन्यांत भिंतीवर पांढरी मिशी, आणि विटा भुगा होऊन खाली. दोष विटेचा नसतो, घाईचा असतो.

जुना ठोकताळा: विटेची भिंत महिन्याला एक इंच वाळते. अठरा इंची भिंत एका बाजूने वाळत असेल तर दीड वर्ष. तळघराच्या भिंतीला पलीकडून माती असते, म्हणजे एकच बाजू मोकळी. हे वेळापत्रकात धरलेलं नसेल तर पुढचं सगळं कोसळतं.

मीठ काढायचं तर लगद्याचा लेप. कागदाचा लगदा किंवा माती, शुद्ध पाण्यात कालवून दोनेक सेंटीमीटर जाड थापायची, आपोआप वाळू द्यायची, मग सोलून काढायची. वाळताना पाणी बाहेरच्या दिशेने येतं आणि मीठ लेपात आणून टाकतं. एकदा करून भागत नाही. काढलेल्या लेपाचा तुकडा पाण्यात घालून त्याची विद्युतवाहकता मोजायची आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचं.

आणि हात जोडून विनंती, जुन्या चुन्याच्या भिंतीत सिमेंटने दरजा भरू नयेत. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ असते, ओल आणि मीठ तिच्यातून बाहेर पडतं आणि झीज तिची होते. ती परत भरता येते. सिमेंटची दरज घट्ट, मग ओल विटेतून वाट काढते आणि झिजते वीट. एक भाग नैसर्गिक जलीय चुना, तीन भाग चांगली कोनेदार वाळू, दरजेच्या रुंदीच्या दुपटीपर्यंत जुना माल खोदून मगच भरायचं. हिवाळ्यात ५ अंशांच्या खाली काम बंद.

शंकेखोर

मग तळघरात आतून वॉटरप्रूफिंग केलं की झालं?

दरजभरणी

जुन्या विटेवर आतून सिमेंटचा जलरोधक गिलावा मारला तर पाणी थांबत नाही, वर चढतं. तळघर कोरडं, आणि तळमजल्याच्या भिंतीला ओल. त्यापेक्षा भिंतीपासून सुटी, गाठी असलेली प्लास्टिकची पडदी लावायची, मागून आलेलं पाणी खालच्या पन्हळीत आणि तिथून पंपाकडे. पंप दोन, एक बंद पडला तर दुसरा, आणि दोघांना वीज गेल्यावरची सोय. फॅरिंग्डनच्या रस्त्याखालून फ्लीट नदी गटार होऊन वाहते आहे, त्यामुळे तिथे पंपाची चैन म्हणून चर्चा होऊच नये.

तुळई

आता पोल्ट्री मार्केटचं छत. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी आणि सर्वांत भीतिदायक गोष्ट. २२५ फूट बाय १२५ फूट, म्हणजे ६८.६ बाय ३८.१ मीटर, घुमटासारखं वक्र कवच, मधे एकही खांब नाही आणि काँक्रीटची जाडी ३ इंच. बांधलं तेव्हा त्या प्रकारचं युरोपातलं सर्वांत मोठं होतं. कोंबडीच्या अंड्याची रुंदी भागिले कवचाची जाडी हा आकडा सव्वाशेच्या आसपास येतो, इथे आखूड बाजू धरली तरी पाचशे. कोंबड्यांच्या बाजाराला अंड्याहून चौपट पातळ कवच! असो.

वजनाचं गणित करू. ७६ मिलिमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला जवळपास १९० किलो. नकाशावरचं क्षेत्र २,६०० चौरस मीटरच्या थोडं वर, म्हणजे कवच सुमारे ५०० टन. वक्रतेमुळे थोडं अधिक. आता कुणी म्हणालं, उष्णतारोधन करून वर ५० मिलिमीटरचा सिमेंटचा थर देऊ, तर चौरस मीटरला १०० किलोहून जास्त वाढले, म्हणजे मूळ वजनाच्या निम्म्याहून अधिक. अशक्य. हलकं फोम किंवा खनिज लोकरीचं १०० मिलिमीटर रोधन तीन ते दहा-बारा किलोत बसतं, त्यावर हलका पत्रा. तेवढंच.

त्याहून धोक्याचा असतो एकाच जागी येणारा भार. कवच सगळा भार पृष्ठभागातून दाब म्हणून कडेच्या तुळयांकडे नेतं. मधेच एका बिंदूला झुंबर, प्रोजेक्टरचा सांगाडा किंवा ‘छताला टांगलेलं मोठं विमान’ लटकवलं की तिथे वाकण निर्माण होते आणि तीन इंचांत ती सोसायला काही नाही. प्रदर्शनवाल्यांना छताला लटकवायचा फार सोस. त्यांना पहिल्याच दिवशी सांगावं: छताला हात नाही, जे टांगायचं ते जमिनीवर उभ्या केलेल्या सांगाड्याला.

कडेच्या तुळया पूर्वताणित आहेत, म्हणजे आत ताणलेल्या तारा. तिथे ड्रिल मारण्याआधी रडारने तारा कुठून जातात ते पाहायचं. एक तार तुटली तर ती बदलता येत नाही.

काँक्रीटची तपासणी: फिनॉल्फ्थलीन हे रसायन फवारून कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म संपणं) किती खोल गेलं ते बघायचं (गुलाबी झालं तर ठीक, रंगहीन राहिलं तर तिथला अल्कधर्म संपला), कव्हर-मीटरने सळई किती आत आहे ते मोजायचं. एवढ्या पातळ कवचात सळईवरचं कव्हर जेमतेमच असतं, कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलं की गंज लागायला फक्त ओल हवी. म्हणून छप्पर गळतं ठेवून आतली कामं सुरू करणं हा गुन्हाच.

रूळकरी

तळघराखालून, काही भागात तळघराला खेटून, थेम्सलिंक या लंडनमधून आरपार जाणाऱ्या रेल्वेसेवेच्या गाड्या धावतात. स्नो हिलचा बोगदा १९१६ मध्ये प्रवाशांना बंद झाला होता, १९८८ मध्ये थेम्सलिंकसाठी पुन्हा वापरात आला. पूर्वी मांस मालगाडीने थेट बाजाराच्या पोटात येत असे, वर उचललं जात असे. नव्या आराखड्यात संग्रहालयातून गाड्या दिसतील अशी खिडकी आहे. कल्पना झकास, पण त्या खिडकीमागे काय काय येतं ते लिहितो.

कंपन. गाडीचं कंपन रुळातून बोगद्याच्या भिंतीत, तिथून खांबांत, तिथून फरशीत. माणसाला जाणवतही नाही इतकं, पण दिवसाला शेकडो वेळा. गुळगुळीत काचेच्या फळीवर ठेवलेली वस्तू इंच-इंच सरकते. मँचेस्टर म्युझियममधली नेब-सेनूची छोटी इजिप्शियन मूर्ती २०१३ मध्ये कपाटात आपोआप फिरताना कॅमेऱ्यात दिसली आणि शापाच्या बातम्या झाल्या. तपासाअंती निघालं कंपन, आणि मूर्तीचा तळ किंचित फुगीर. उपाय साधे आहेत: वस्तूखाली संग्रहालयात वापरतात ते मेण, फळीवर घर्षण वाढवणारा कापडी थर, कपाटाच्या बुडात वाळूची पोती घालून वजन, आणि फारच नाजूक असेल तर कपाटाखाली रबराचे किंवा स्प्रिंगचे पाय. पण पाय निवडताना गाडीच्या कंपनाची वारंवारता आधी आठवडाभर मोजावी लागते. चुकीचा स्प्रिंग घेतला तर कपाट त्याच लयीत डोलायला लागतं आणि कंपन कमी व्हायच्या ऐवजी वाढतं.

धूळ. ब्रेक आणि रूळ घासून निघणारी धूळ बारीक आणि लोहयुक्त असते. खिडकी पक्की बंद हवी, आणि संग्रहालयाच्या बाजूला हवेचा दाब किंचित जास्त, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाईल, आत येणार नाही.

परवानगी. रुळाच्या बाजूने काहीही करायचं, अगदी दिवा लावायचा असला तरी, वाहतूक बंद असलेले रात्रीचे मोजके तास मिळतात. त्यातले आत जाणं, वीज बंद केल्याची खात्री, साहित्य मोजून बाहेर काढणं यात बराच वेळ जातो. प्रत्यक्ष काम दोन-अडीच तास. आणि ही वेळ महिनोन् महिने आधी मागावी लागते. इतर कामं उशिरा झाली म्हणून रेल्वे थांबत नाही.

शंकेखोर

वाचून धडकी भरली. एवढं सगळं करण्यापेक्षा दर्शनी भिंती ठेवून मागे नवीन इमारत बांधली असती तर?

जुनाबाजार

तेच करायला निघाले होते, दोनदा. जनरल मार्केटच्या जागी कार्यालयं बांधायची योजना सार्वजनिक सुनावणीनंतर २००८ मध्ये नाकारली गेली. दुसरी योजना दर्शनी भाग ठेवून आतलं बरंचसं पाडायची होती, ती जुलै २०१४ मध्ये मंत्र्यांनी नाकारली. सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज आणि व्हिक्टोरियन सोसायटी या संस्था दोन्ही वेळी लढल्या. इंग्लंडच्या नियोजन धोरणात एक कलम आहे: मालकाने मुद्दाम दुर्लक्ष करून वास्तू खराब होऊ दिली असेल, तर तिची खराब अवस्था हे पाडण्याचं कारण धरायचं नाही. ‘आता काही उरलंच नाहीये’ हा आपल्याकडचा हुकमी पत्ता तिथे चालत नाही. निदान कागदावर.

बरं, पैशाच्या बाजूनेही आतलं पाडणं स्वस्त नव्हतं. खाली चालू रेल्वे असताना वरचं पाडकाम म्हणजे आधी बोगद्यावर संरक्षक छत, मग तुकडे तुकडे करून उचलणं.

कसरनाशक

सगळ्यांनी भिंती आणि छत धरलं, किड्यांचं कोणी बोललं नाही. कोंबड्यांच्या बाजारात पिसं, चरबी, हाडांचा भुगा प्रत्येक फटीत, गटारात, केबलच्या नळीत भरलेला असतो. कातडं-पिसांवर जगणारे भुंगेरे आणि कपड्यांची कसर यांना हे अन्नच. नंतर त्याच इमारतीत लोकरीचे कोट, पिसांच्या टोप्या, चामड्याचे मध्ययुगीन बूट येणार. किड्यांना स्थलांतर करायचीही गरज नाही.

म्हणून प्लंबर आणि वीजवाल्यांच्या आधी सफाई. सगळी जुनी गटारं उघडायची, न लागणारी तोडून काँक्रीटने बुजवायची (नुसती जाळी टाकून भागत नाही), फटी बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने रित्या करायच्या, मगच बंद करायच्या. मग चिकट सापळे, भिंतीलगत आणि दारांशी, नकाशावर क्रमांक घालून, वस्तू यायच्या किमान एक उन्हाळा आधी. सापळ्यात काय येतं ते दर महिन्याला नोंदवलं की कोणत्या कोपऱ्यात अजून काही राहिलं ते कळतं.

येणाऱ्या प्रत्येक लोकरी, पिसाच्या किंवा फर असलेल्या वस्तूला वेगळी खोली. उणे ३० अंशांवर तीन दिवस, किंवा घरगुती फ्रीजरसारख्या उणे १८ वर दोन आठवडे, घट्ट पिशवीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर वस्तूवरच दव धरतं. ज्यांना गोठवता येत नाही, म्हणजे रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत वगैरे, त्यांना नायट्रोजन भरलेल्या तंबूत काही आठवडे, ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याखाली.

आणि उपाहारगृह दालनापासून लांब. हे सांगून कोणी ऐकत नाही, कारण भाडं तिथून येतं.

आर्द्रतामापक

कपाटांबद्दल एक राहिलं होतं. या संग्रहालयाकडे थेम्सच्या गाळात सापडलेल्या यात्रेकरूंच्या शिसे-कथलाच्या बिल्ल्यांचा मोठा साठा आहे. शिशाचं वैर सिरक्याच्या आम्लाशी, आणि ते आम्ल ओक लाकडातून आणि एमडीएफमधून (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली फळी) सुटत राहतं. सुतार कपाटाच्या आत सुंदर एमडीएफ लावतो, वर्षभरात बिल्ल्यावर पांढरी पावडर. कपाटात जाणारं प्रत्येक साहित्य, गोंद, रंग, कापड, आधी बंद नळीत शिसं, तांबं आणि चांदीच्या पट्ट्यांसोबत ६० अंशांवर २८ दिवस ठेवून तपासतात. पट्टी डागाळली तर साहित्य बाद. हे २८ दिवस खरेदीच्या आधी धरावे लागतात, नंतर नव्हे.

आर्द्रता स्थिर ठेवायला कपाटाखालच्या खणात सिलिका जेल. जुन्या साध्या प्रकारचं घनमीटरला २० किलोपर्यंत लागे, आताचे चांगले प्रकार ४-५ किलोत भागवतात. पण हे तेव्हाच, जेव्हा कपाट दिवसातून आपल्या हवेच्या दहाव्या हिश्शाहून जास्त हवा बदलत नाही. रबर पट्टी एका कोपऱ्यात दबली नसेल तर जेल कितीही घाला.

नवं काँक्रीट ओतलेल्या दालनात वस्तू आणायचीही घाई नको. त्याची धूळ अल्कधर्मी असते, आणि सुकताना ते महिनोन् महिने पाणी सोडतं.

मंडईकर

आपल्याकडे नजर टाकायची तर मुंबईची क्रॉफर्ड मार्केट १८६९ ची, म्हणजे स्मिथफील्डच्या मुख्य मांसबाजारापेक्षा फक्त एका वर्षाने लहान. पुण्याची मंडई १८८६ ची, जनरल मार्केटच्या पाठोपाठची. लोखंड, कौलं, उंच छत, हवेची सोय, घराणं तेच. फरक असा की या दोन्ही चालू बाजार आहेत. तिथे संग्रहालय करा असं कोणी सुचवलं तर माझा विरोध. गाळेवाल्यांना हलवून रिकामं सौंदर्य दाखवणं सोपं असतं.

पण तंत्र उचलण्यासारखं आहे. आपला प्रश्न उलट, मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्के, थंड पृष्ठभाग म्हणजे एसीने गार केलेली खोली, आणि दव काचेच्या बाहेरच्या अंगाला. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या २००३ ते २००८ च्या जतनकामाकडे या दृष्टीने जरूर बघावं.

बार्सिलोनाचा एल बोर्न बाजारही तपासा. १८७६ चा लोखंडी बाजार, १९७१ मध्ये बंद, ग्रंथालय करायला खोदलं तर खाली अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलेल्या वस्तीचे अवशेष निघाले. ग्रंथालय गेलं दुसरीकडे, आणि २०१३ मध्ये बाजाराचं छप्पर हेच त्या अवशेषांचं छत म्हणून उघडलं.

शंकेखोर

शेवटची शंका. आगीचं काय? १९५८ ला तिथे आग लागलीच होती ना.

तुळई

हो, आणि ती तळघरातून. शीतगृहांच्या भिंतींना कॉर्कचं अस्तर, त्यात वर्षानुवर्षं मुरलेली चरबी, चक्रव्यूहासारख्या वाटा. आग दिसत नव्हती, नुसता धूर, तीन दिवस धुमसत होती. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. श्वसनयंत्र घालून आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद दारात फलकावर ठेवायची पद्धत ब्रिटनमध्ये या आगीनंतर नीट लागू झाली.

आजच्या कामात त्याचे अर्थ दोन. शेजारच्या शीतगृहांत जिथे जिथे जुनं कॉर्क उरलं असेल ते सगळं काढायचं, मागे डांबर आणि १९६० च्या सुमाराचं असेल तर ॲस्बेस्टॉस निघण्याची तयारी ठेवून. तोडफोडीच्या आधीचं सखोल ॲस्बेस्टॉस सर्वेक्षण झाल्याशिवाय एक फळीही उचलायची नाही. दुसरं, तळघरातून माणसांना बाहेर काढण्याच्या वाटा. बाजाराच्या तळघराला मालाचे उतार आणि दोन-तीन अरुंद जिने पुरत होते, हजार पाहुण्यांना पुरत नाहीत. नवे जिने पाडायचे तर जुन्या लोखंडी जाळीतली एखादी तुळई कापावी लागते, आणि कापायच्या आधी तिचा भार बाजूच्या दोन तुळयांवर जॅकने उचलून घ्यावा लागतो. जॅक चढवताना दर टप्प्याला फरशीची पातळी मोजायची, दोन मिलिमीटर हलली तर थांबायचं.

लोखंडाला फुगणारा अग्निरोधक रंग देता येतो, पण त्याचा थर किती हे पत्र्याच्या जाडीवर ठरतं. म्हणून वर लिहिलेली अल्ट्रासोनिक मोजणी इथे पुन्हा लागते. जाडी माहीत नसलेल्या खांबाला कोणताही कारखाना किती मिनिटांची हमी ते लिहून देत नाही.

दरजभरणी

तुळई, फुगणाऱ्या रंगाखाली जुना शिशाचा रंग तसाच ठेवता येतो का, की पूर्ण काढावाच लागतो? काही ठिकाणी वरचा थर आगीत पकड सोडतो असं वाचलं आहे.

तुळई

पकड हाच मुद्दा. जुना रंग आगीत आधी मऊ पडतो, आणि त्यावर फुगलेला थर पापडासारखा गळून पडतो. त्यामुळे ज्या खांबांना हमी हवी तिथे धातूपर्यंत काढावाच लागतो. रंगाचा इतिहास जपायचा असेल तर दिसणार नाही अशा एका खांबावर हातभर पट्टा सगळ्या थरांसह ठेवून द्यायचा आणि त्या खांबाची अग्निसुरक्षा वेगळ्या मार्गाने दाखवायची, उदाहरणार्थ त्याच्या भोवती जळण्याजोगं काही ठेवणार नाही आणि वर स्प्रिंकलर आहे, असं गणित मांडून. मंजुरी देणारा अधिकारी ते मान्य करेल की नाही, हे आराखड्याच्या टप्प्यावरच विचारून लेखी घ्यावं.